चाकोरीबाहेरची हौस

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. गेले सहा महिने इल्फर्डमधल्या प्रत्येक मराठी घरात, गणपतीत, दिवाळीत, कुणाच्या मुलाच्या वाढदिवसाला, एकच चर्चा ऐकतोय: पिकअप ट्रक कुठला घ्यावा, टॉपचं मॉडेल की त्याच्या खालचं, चार सिलिंडर की व्ही-सिक्स. चर्चा करणाऱ्यांपैकी कुणाच्याही घरी शेत नाही, घोडा नाही, बोट नाही. एकाच्या घरी कुंडीत कढीपत्ता आहे, तोही थंडीत आत घ्यावा लागतो.

माझा पोटापाण्याचा धंदा चाक आणि माती यांच्या भांडणाचा आहे. त्यातच इथे डॉक्टरेट केली, त्यातच आता संशोधन करतो. त्यामुळे "ऑफ-रोडला टॉर्क पाहिजे रे" हे वाक्य हातात सामोसा धरून कुणी म्हटलं की माझं रक्तदाब-यंत्र सुरू होतं. आजवर गप्प बसलो. पण मागच्या वर्षी हीच चर्चा इल्फर्डहून उडून थेट संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीवर जाऊन पडली, आणि तिथे प्रश्न हौसेचा नव्हता. म्हणून हा लेख.

आधी इथली गोष्ट. आमच्या एका मित्राला आपण "साहेब" म्हणू. २९ ऑगस्ट २०२३ ला लंडनचा युलेझ सगळ्या बरोंमध्ये पसरला. तोवर हद्द नॉर्थ सर्क्युलरला होती आणि इल्फर्ड तिच्या पलीकडे, म्हणून साहेबांची जुनी डिझेल गाडी सुखात होती. मग रोजचे साडेबारा पौंड बसायला लागले. गाडी विकणं भागच होतं. आता इथे कुणीही शहाण्या माणसाने छोटी पेट्रोल गाडी घेतली असती, कारण पेट्रोलला युरो-४ पुरतं, म्हणजे साधारण २००६ नंतरची कुठलीही चालते. साहेबांनी २०२४ च्या उन्हाळ्यात डबल-कॅब पिकअप घेतला. मोठ्या इंजिनचा, वरच्या मॉडेलचा, वीस इंची चाकांचा. कंपनी सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा दोष नव्हताच.

का घेतला? "ऑफ-रोडसाठी." हे कारण आपल्या बायकोला सांगायचं. खरं कारण त्यांच्या अकाउंटंटला माहीत होतं. एक टन माल वाहू शकणारी डबल-कॅब त्या वेळी कराच्या हिशोबात व्हॅन धरली जाई, मोटारगाडी नव्हे, आणि स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून घेतली की कर ठरावीक रकमेवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या करखात्याने ही सवलत काढतो म्हणून जाहीर केलं, आठवड्याभरात माघार घेतली, आणि शेवटी ६ एप्रिल २०२५ पासून काढलीच. आधी घेतलेल्यांना जास्तीत जास्त एप्रिल २०२९ पर्यंत मुभा. म्हणजे या देशात किती पिकअप डोंगरासाठी घेतले गेले आणि किती कराच्या वहीसाठी, याचा विचार तुम्हीच करा. गंमत बघा: फोर्ड रेंजरचं जे रॅप्टर मॉडेल खरोखरच दगडधोंड्यांसाठी बनवलंय, त्याची भारक्षमता एक टनाच्या बरीच खाली आहे, त्यामुळे त्याला ही सवलत कधीच नव्हती. सवलत गोंडस मॉडेलांना, खऱ्या पैलवानाला नाही!

बरं, आणला. आता ठेवायचा कुठे? इंग्लंडमधली पार्किंगची नेहमीची चौकट ४.८ मीटर लांब आणि २.४ रुंद. आजचे हे पिकअप सव्वापाच मीटरच्या वर. इल्फर्डची घरं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, एकाला एक चिकटलेली, समोर वीतभर अंगण. साहेबांच्या पिकअपचं नाक दिवाणखान्याच्या खिडकीला टेकतं आणि शेपूट फुटपाथवर. पोस्टमन वळसा घालून जातो. वहिनी खिडकीत उभ्या राहिल्या की समोर रस्ता नाही, नुसती जाळी दिसते.

आणि वेग? इंजिन मोठं की गाडी जड. इथल्या कायद्यात चारचाकी-ओढीची गाडी रिकामी २,०४० किलोच्या आत असेल तरच "दुहेरी उपयोगाची" म्हणून मोटारीचे नियम. त्याच्या वर गेली की ती मालवाहू: साध्या रस्त्यावर साठऐवजी पन्नास मैल, दुभाजकाच्या रस्त्यावर सत्तरऐवजी साठ. म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त ताकद घ्यायची आणि कायद्याने हळू जायचं. मी हे साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी विषय बदलला.

शेवटी फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही "ऑफ-रोड"ला गेलो. इंग्लंडमध्ये हेही सोपं नाही बरं का. २००६ च्या एका कायद्याने नकाशावर नोंद नसलेल्या असंख्य जुन्या वाटांवरचा मोटारींचा हक्क संपवला. ज्या उरल्या त्यातल्या कित्येक हिवाळ्यात बंद. एसेक्समधली एक उघडी वाट शोधून काढली. माती कुठली? लंडन क्ले. मराठीत सांगायचं तर ओली साबणवडी. दोनशे मीटर आत गेलो. एका खोलगट जागी साहेबांनी ॲक्सिलरेटर दाबला, चारही चाकं छान फिरली, मागची काच चॉकलेटी झाली आणि गाडी जागची हलली नाही. पुन्हा दाबला. गाडी थोडी खाली गेली.

अर्ध्या तासाने एक म्हातारा शेतकरी नव्वदच्या दशकातली लँड रोव्हर डिफेंडर घेऊन आला. २.५ लिटर, १११ अश्वशक्ती, दाराला गंज, आत कुत्रा. साहेबांच्या गाडीची ताकद तिच्या दुप्पट. म्हाताऱ्याने दोर बांधला आणि शांतपणे, इंजिनचा आवाजही न चढवता, आम्हाला मागे ओढून काढलं. जाताना त्याने साहेबांच्या टायरकडे बघून फक्त मान हलवली. त्या मान हलवण्यात माझ्या प्रबंधाची तीन प्रकरणं होती.

आता गणित सांगतो. घाबरू नका, अकरावीचं आहे.

बावीसशे किलोची गाडी ३० टक्के चढावर आहे, म्हणजे शंभर मीटर आडवं गेलं की तीस मीटर वर. तिला वर ढकलायला साधारण ६,२०० न्यूटन बल लागतं. ३६० न्यूटन-मीटरचं मध्यम इंजिन घ्या. पहिला गिअर साधारण चार पट, लो-रेंज अडीच पट, मागचं डिफरन्शिअल चार पट, म्हणजे चाळीस पट झाली. पंधरा टक्के घर्षणात घालवा, चाकाची त्रिज्या ३८ सेंटिमीटर धरा. चाकाशी बल येतं सुमारे ३२,००० न्यूटन. गरजेच्या पाच पट! ६०० न्यूटन-मीटरचं व्ही-सिक्स लावलं तर साडेआठ पट.

आता माती किती घेते ते बघा. ओल्या चिकणमातीवर साध्या टायरचा घर्षणांक ०.३ धरू. चढावर चारही चाकं मिळून जास्तीत जास्त किती बल जमिनीला लावू शकतात? तेच ६,२०० न्यूटन. पाच पट असो की साडेआठ पट, माती घेणार तेवढंच. उरलेली ताकद मागची काच चॉकलेटी करायला. आणि वजन दोन्ही बाजूंना असल्यामुळे कटून जातं, तेव्हा "माझी गाडी दणकट आहे" हेही कामाचं नाही. चढ ०.३, घर्षणांक ०.३: तुम्ही काठावर आहात. चिखलाचा स्वतःचा विरोध मोजला तर काठाच्याही खाली. घर्षणांक ०.४५ करणारा टायर घातलात तर वर जाल. इंजिन बदलून जाणार नाही.

ज्यांना अजून पटत नसेल त्यांनी चंद्राकडे बघावं. १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर गेलेल्या चांद्रगाडीच्या प्रत्येक चाकाला पाव अश्वशक्तीची मोटर होती. चार चाकं मिळून एक. एक घोडा, मंडळी! चाक आणि माती यांचं शास्त्र ज्याने उभं केलं तो बेकर नावाचा पोलिश इंजिनिअर त्या कामात होता, आणि सगळी अक्कल खर्च झाली ती तारेच्या जाळीच्या चाकांवर. चंद्रावर वजन एक षष्ठांश भरतं हे मला माहीत आहे, तो आक्षेप घेऊ नका. मुद्दा हा की जिथे दुरुस्तीला कुणी येणार नव्हतं तिथे शहाण्यांनी पैसे चाकावर घातले.

आणि चंद्र लांब वाटत असेल तर आमच्या शेजारी या. इल्फर्डपासून जवळच डॅगनम. तिथल्या फोर्डच्या कारखान्यातून १९३१ मध्ये सगळ्यात पहिलं वाहन बाहेर पडलं ते मोटार नव्हती, मॉडेल एए ट्रक होता. अश्वशक्ती चाळीस. जगभरच्या कच्च्या रस्त्यांवर लोकांनी त्यात धान्य, दूध, लाकूड वाहिलं. त्याच डॅगनममध्ये पुढे २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफ-१५० साठी तीन लिटरचं व्ही-सिक्स डिझेल बनलं. इंजिन वाईट आहे असं मी म्हणतच नाही, उत्तम इंजिन आहे. साडेतीन टनांचा ट्रेलर ओढायचा असेल, वाळूत धावायचं असेल, भरल्या गाडीने दिवसभर घाट चढायचे असतील तर घ्या. पण चिखलातून बाहेर यायला इंजिन घेणं म्हणजे निसरड्या न्हाणीघरात पडू नये म्हणून तालमीत जाण्यासारखं आहे. मंडळी, चप्पल बदला!

मॉडेलांचंही तेच. "वरचं मॉडेल म्हणजे ऑफ-रोडला चांगलं" ही दुसरी अंधश्रद्धा. वरच्या मॉडेलात चाक मोठं होतं, म्हणजे टायरची भिंत बारीक होते. २० इंची चाकावर ५५ चा टायर असेल तर भिंत १४ सेंटिमीटर. १७ इंचीवर ७० चा असेल तर २०. हवा ३५ वरून १८ पौंडांवर उतरवून टायर पसरवायचा, हा चिखलातला सगळ्यात स्वस्त उपाय. बारीक भिंतीला तो नीट जमत नाही, रिम दगडाला लागते. रेंजरचंच बघा: गोंडस प्लॅटिनमला २० इंची चाकं आणि दगडात जाणाऱ्या रॅप्टरला १७. बनवणाऱ्यांना सगळं माहीत असतं. माहीत नसतं ते घेणाऱ्यांना.

तर इथवर हसण्यावारी होतं. आता वाडी.

माझा चुलतभाऊ, घरी त्याला बंड्या म्हणतात. काजू आणि हापूस. आमची वाडी डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर वर. खाली वहाळ, त्यावर साकव, मग जांभ्याच्या लाल मातीची घाटी. उन्हाळ्यात टेम्पो येतो. मिरगाचे दोन पाऊस पडले की येत नाही. २००९ च्या पावसाळ्यात काकांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा खुर्चीला बांबू बांधून त्यांना चौघांनी खाली आणलं. डांबरीला पोचायला पाऊण तास लागला आणि पुढे गाडी मिळेपर्यंत अजून वेळ. काका देवरुखला पोचले नाहीत. मी तेव्हा इथे प्रबंधासाठी टायरखालच्या मातीचे आलेख काढत होतो.

बंड्याचा फोन आला. "दादा, आता गाडी घ्यायचीच. पावसात वर येणारी. आंबे पण वाहीन आणि कुणाला न्यायची वेळ आली तर माणूस पण नेईन. तू थोडी मदत कर." मदत करायची होतीच. नेमके साहेब घरी बसलेले. फोन स्पीकरवर. साहेब म्हणाले, "हायलक्स हाय, ऑटोमॅटिक! पाचशे न्यूटन-मीटर! डोंगर आहे ना तुमचा?" बंड्या म्हणाला, "होय साहेब." झालं. लंडनच्या माणसाने सांगितलं म्हणजे पक्कं.

हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली तेव्हा किंमत ३३ लाख ९९ हजारांपासून सुरू झाली होती, नंतर थोडी उतरली. गाडी भक्कम आहे. पण बघा: तेच २.८ लिटरचं इंजिन, तीच २०४ अश्वशक्ती, मॅन्युअलला टॉर्क ४२० आणि ऑटोमॅटिकला ५००. त्या ऐंशीसाठी बंड्याने काजूच्या बागेवर कर्ज काढायचं? वरच्या गणितात ४२० पुरून उरतं, ३६० उरतं, अहो, लो-रेंज असेल तर २०० सुद्धा उरतं. मी साहेबांशी भांडलो. म्हटलं, तुम्ही फसलात तर तुम्हाला दोर लावणारा म्हातारा आहे. बंड्या जुलैच्या रात्री घाटीत आजारी माणूस घेऊन फसला तर कोण आहे?

मी म्हटलं बंड्या, सगळ्यात स्वस्त फोर-बाय-फोर घे, बोलेरो कॅम्पर घे, आणि उरलेले पैसे टायरला. बंड्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, एअरबॅग किती आहेत ते तू बघितलंस काय? मी आंबा घाटातून कोल्हापूरला जाणार, नुसता घाटीत नाही राहणार."

नव्हतं बघितलं. खोटं कशाला बोलू? माझ्या गणितात गाडी ताशी पाच किलोमीटरने चढत होती. बंड्याच्या गणितात ती पेट्या भरून घाट उतरत होती आणि समोरून ट्रक येत होता. तेव्हा इथे मी माघार घेतो: एअरबॅग आणि घसरण आवरणारी ब्रेकची यंत्रणा यांसाठी वरचं मॉडेल घ्यावं लागलं तर जरूर घ्या. त्याला मी चैन म्हणणार नाही. पण मग पैसे त्याचे द्या, क्रोमचे आणि अक्षरं लावलेल्या मागच्या फळीचे नव्हे.

शेवटी बंड्याने जुनी, एका हाताने वापरलेली इसुझू व्ही-क्रॉस घेतली. २०१६ मध्ये भारतात आली ती २.५ लिटरची, १३४ अश्वशक्ती, ३२० न्यूटन-मीटर, फोर-बाय-फोर, लो-रेंज, मॅन्युअल, दोन एअरबॅग. एक सावधगिरीची सूचना: याच नावाने पुढे दोन चाकांच्या ओढीचीही गाडी निघाली, बाहेरून जवळजवळ तशीच दिसते. जुनी घेताना आडवं पडून पुढच्या चाकांना दांडे जातात का ते बघा. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन कमी असतं, निम्म्याच्याही आत, त्यामुळे चिखलात दोन चाकांची गाडी निम्म्या चढावरच हात टेकते. गाडीबरोबर जाड भिंतीचे टायर, हवेचा छोटा पंप, जाड पट्टा आणि दोन शॅकल. बास.

आणि उरलेल्या पैशांचं काय केलं? हे मला सुचलं नव्हतं, बंड्यालाच सुचलं. घाटीत खरा वाईट तुकडा साठ मीटरचा. बाकी सगळं कसंही निभतं. वाडीतल्या लोकांनी मे महिन्यात श्रमदान करून त्या तुकड्यावर काँक्रीटचे दोन पट्टे घातले, चाकांपुरते. पाऊण मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर जाड. साडेतेरा घनमीटर काँक्रीट, वर खराट्याने आडव्या रेघा ओढलेल्या. त्यावर ओल्यातही घर्षणांक ०.६ च्या आसपास राहावा. म्हणजे त्या साठ मीटरांवर आता बंड्याचीच काय, खालच्या आळीतली साधी दोन चाकांच्या ओढीची जीपही रिकामी नसेल तर चढते. पहिल्याच पावसाळ्यात शेजारच्या वहिनींना बाळंतपणासाठी रात्री खाली नेलं. खुर्ची लागली नाही.

आता माझं खरं भांडण. "ऑफ-रोड" हा शब्द ज्यांना रस्ता आहे त्यांचा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वर जायला गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेली माणसं पावसात पायी चढली, यंत्रं खालीच राहिली, आणि ढिगारे हातांनी उपसावे लागले. तिथले लोक वर्षानुवर्षं ऑफ-रोडच राहत होते. त्यांच्यासाठी त्यात हौस नव्हती, चाकांना रिकव्हरी-पॉईंट नव्हते, रविवारी संध्याकाळी गाडी धुऊन परत जायला इल्फर्ड नव्हतं. त्या शब्दाचे फोटो काढून आपण ६०० न्यूटन-मीटर मिरवतो तेव्हा निदान हे लक्षात असावं.

मराठीत चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी पडलेली वाट. आपण "चाकोरीबाहेर" जाणाऱ्याचं कौतुक करतो, तरुणांना तसे सल्लेही देतो. बंड्याने पैसे चाकोरी बांधण्यात घातले. इंजिनिअर म्हणून सांगतो, ऑफ-रोडसाठी याहून चांगलं ॲक्सेसरी मी अजून बघितलेलं नाही, आणि ते कुठल्याच मॉडेलबरोबर येत नाही.

साहेबांना हे सगळं ऐकवलं. म्हणाले, "मग मजा काय राहिली?" परवा ते टायर बदलून आले, १८ इंची रिमसकट. अजून पिकअप विकला नाही, नाक अजून खिडकीलाच आहे. पण सुरुवात आहे.

असो. रक्तदाब आता ठीक आहे.